जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभाग : निदान नेमके, पाठपुरावा अपुरा

आमच्या घरातील दोन माणसे सध्या एकाच बाह्यरुग्ण विभागात उपचार घेत आहेत. एक माझी आई, वय ६२, आणि दुसरा माझ्या बहिणीचा मुलगा, इयत्ता तिसरीत शिकणारा. एक ज्येष्ठ स्त्री आणि एक लहान मूल अशा दोन टोकांच्या रुग्णांमुळे या सेवेची पारख आम्हाला दोन्ही बाजूंनी करता आली. विभाग मराठवाड्यातील एका जिल्हा रुग्णालयाचा आहे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचे मूळ त्या इमारतीत काम करणाऱ्या माणसांत नाही.

आधी खर्चाविषयी. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत, त्यामुळे केसपेपर, तपासणी आणि औषधभांडारात उपलब्ध असलेली औषधे यांसाठी आम्हाला काहीही द्यावे लागले नाही. मनोविकारांचे उपचार महिनोन्‌महिने चालतात, म्हणून ही सवलत छोटी समजू नये. मधेच पैसे संपले म्हणून औषध सोडणे हे आजार उलटण्याचे एक मोठे कारण असते.

आईची तक्रार मनाची नव्हतीच. अंग दुखते, पोटात आग होते, हातापायांतली शक्ती गेली आहे, एवढेच ती सांगत असे. आम्लपित्त आणि संधिवात यांची औषधे झाली होती. औषधवैद्यक विभागातील डॉक्टरांनी रक्ततपासण्या पाहून तिला मनोविकार विभागाकडे पाठवले, तेव्हा ती नाराज झाली आणि ते स्वाभाविक होते. तपासणीच्या खोलीत मात्र डॉक्टर मॅडमनी तिला ‘उदास वाटते का’ असे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, “मावशी, पहाटे जाग किती वाजता येते?” आई म्हणाली, “तीनला. मग पडून राहते.” “पूजेची फुलं अजून तुम्हीच तोडता का?” “नाही. आता सून तोडते.” “भिशीला जाता?” “जाते, पण बोलवत नाही कुणाशी.” अशा पाच-सात प्रश्नांतून झोप, रस, ताकद, एकाग्रता आणि भूक या सगळ्यांची चौकशी झाली आणि आईला आपली परीक्षा घेतली जात आहे असे वाटले नाही. नैराश्याच्या निदानासाठी मनाची खिन्नता किंवा गोष्टींतला रस जाणे यांपैकी निदान एक लक्षण, त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, अपराधीपणा, निर्णय न घेता येणे अशी इतर लक्षणे, आणि हे सगळे जवळजवळ रोज किमान दोन आठवडे असावे लागते. आपल्याकडे, विशेषतः वयस्कर माणसांत, हा आजार पुष्कळदा शरीराच्या तक्रारींचे रूप घेऊन येतो, आणि ज्याला हे ठाऊक आहे तोच पूजेच्या फुलांविषयी विचारतो.

त्यानंतरचा प्रश्न आम्हा घरच्यांपैकी कोणीही कधी विचारला नसता. “रात्री झोपलं ते सकाळी उठूच नये, असं वाटतं का?” आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “वाटतं.” मग आवाज न बदलता पुढचे प्रश्न आले : स्वतःचे काही बरेवाईट करून घ्यावेसे वाटते का, तसे काही मनात ठरवले आहे का, पूर्वी कधी तसा प्रयत्न झाला होता का. या तिन्हींची उत्तरे नकारार्थी होती. तरीही मॅडमनी मला वेगळे बसवून सांगितले की, घरात फवारणीची औषधे असतील तर ती आजच कुलपात ठेवा आणि आईच्या गोळ्या आठवडाभराच्याच बाहेर काढा. असे विचारल्याने माणसाच्या मनात आत्महत्येचा विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यावर बोलता येते आणि धोका किती आहे हे कळते. शेतकरी घरांत कीटकनाशक हाताशी असते, त्यामुळे कुलपाचा सल्ला हा उपचाराचाच भाग आहे. या एका भेटीसाठीसुद्धा मी या विभागाला चांगले गुण देईन.

औषध लिहिण्यापूर्वी आणखी एक चौकशी झाली. आयुष्यात कधी असा काळ आला होता का, की झोप अगदी कमी असूनही उत्साह ओसंडून वाहत होता, बोलणे थांबत नव्हते, खर्च बेसुमार होत होता? हा प्रश्न द्विध्रुवीय विकार, म्हणजे नैराश्य आणि उन्माद यांच्यात मन हेलकावणारा आजार, ओळखण्यासाठी असतो. अशा रुग्णाला केवळ नैराश्याचे औषध दिले तर मन उन्मादाच्या टोकाला जाऊ शकते. त्याला लिथियमसारखे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध लागते आणि लिथियम चालू असताना त्याची रक्तातील पातळी वारंवार मोजावी लागते. आईच्या बाबतीत तसा काळ नव्हता. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि सोडियम या तपासण्यांचे कागद पाहून एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाची ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली आणि ती पुढे १० वर नेली. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी अस्वस्थता वाटेल, गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, पूर्ण परिणामाला सहा-आठ आठवडे, आणि बरे वाटू लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळी थांबवायची नाही, हे सगळे त्यांनी आईलाच सांगितले, आमच्याकडे पाहून नव्हे. वयस्कर माणसांत या औषधाने रक्तातील सोडियम उतरू शकते, म्हणून गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच यायचे, हेही बजावले.

‘सवय लागेल’ ही आईची मुख्य भीती होती. तिला मिळालेले उत्तर मला फार महत्त्वाचे वाटले : या गोळीची तशी चटक लागत नाही, मात्र ती एकदम बंद करायची नसते, हळूहळू कमी करायची असते, चटक लागण्याचा धोका अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांना असतो, ज्या काही आठवड्यांपलीकडे सहसा देऊ नयेत. आमच्या शेजारच्या अनेक घरांत परिस्थिती नेमकी उलटी आहे. नैराश्यावरचे औषध पंधरा दिवसांत सोडले जाते आणि झोपेची गोळी वर्षानुवर्षे चालू राहते.

भाच्याचे प्रकरण वेगळे होते. वर्गात जागेवर बसत नाही, वही अर्धवट, डबा आणि पट्टी रोज हरवते, दुसऱ्याचे बोलणे पुरे होण्याआधी उत्तर देतो. शाळेतून आलेला निरोप ‘लाडावला आहे’ असा होता. मुलांसाठी या विभागात आठवड्यातील ठरावीक दिवस असतात. इतर दिवशी गेल्यास मुलाला नीट वेळ मिळत नाही, हे नवीन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. पहिल्या भेटीत औषध दिले नाही, ही गोष्ट मला विशेष आवडली. आईवडिलांसाठी एक प्रश्नावली आणि वर्गशिक्षिकेसाठी दुसरी अशी दोन वेगळी कागदपत्रे दिली गेली. अवधानन्यूनता आणि अतिचंचलता (लक्ष न टिकणे आणि सतत चुळबुळ, म्हणजे एडीएचडी) यांचे निदान करायचे तर लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. केवळ शाळेतच त्रास असेल तर कारण शाळेत शोधायचे असते. त्याच इमारतीत कान आणि डोळे तपासून घेतले, झोप पुरेशी होते का हे विचारले आणि मग त्याच्यासमोर मराठीचे पुस्तक ठेवले.

तिथे एक नवी गोष्ट उघड झाली. जोडाक्षर आले की तो अडखळत होता आणि अंदाजाने भलताच शब्द वाचून पुढे जात होता. ‘पुस्तक’ वाचताना ‘पुतक’, ‘रस्ता’च्या जागी ‘रास्त’. अवधानाच्या अडचणीसोबत वाचन-लेखनाची अडचण असणे हे या मुलांत वारंवार आढळते, आणि एकच निदान करून थांबले तर दुसरी अडचण तशीच राहते. वाचन-लेखनाच्या अशा अडचणीचे, म्हणजे अध्ययन अक्षमतेचे, निदान साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास भरवशाने करता येते, म्हणून त्याची सविस्तर चाचणी त्यानंतर ठेवली गेली. ही अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मोडते आणि प्रमाणपत्र मिळाल्यास पुढे परीक्षेत सवलती मिळू शकतात, ही माहिती बहिणीला तिथल्या समाजसेवकांनी दिली. तिच्या मुलाच्या शाळेत ही माहिती कोणालाच नव्हती.

औषधाच्या आधी पालकांना वागणुकीचे धडे दिले गेले : एका वेळी एकच सूचना, समोर बसून, नाव घेऊन, गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे, चांगले केले की तिथल्या तिथे कौतुक, शाळेत पहिला बाक. त्याने फरक पडला, पण अपुरा, म्हणून मिथाईलफेनिडेट हे लक्ष टिकवायला मदत करणारे औषध सुरू झाले. हे औषध तासाभरात परिणाम दाखवते, भूक कमी करू शकते, म्हणून न्याहारीनंतर द्यायचे आणि प्रत्येक भेटीत उंची, वजन, नाडी व रक्तदाब नोंदवायचा. नोंदी व्यवस्थित ठेवल्या जातात, हे मी केसपेपरवर पाहिले आहे.

आता तक्रारी. मिथाईलफेनिडेट रुग्णालयाच्या औषधभांडारात मिळत नाही आणि त्यावर कडक नियंत्रण असल्यामुळे शहरातील अगदी मोजकी दुकाने ते ठेवतात. बहिणीला ते आणायला दुसऱ्या शहरात जावे लागते. आईच्या गोळीचाही साठा एकदा संपला आणि खिडकीवरून ‘पुढच्या आठवड्यात या’ एवढेच उत्तर मिळाले. जी गोळी एकदम बंद करू नका असे एका खोलीत बजावले जाते, तीच दुसऱ्या खिडकीवर आठवडाभर नाही म्हणतात, यात मला सगळ्यात गंभीर दोष दिसतो. मधेच औषध तुटले तर चक्कर, चिडचिड, झोपेत दचकणे असे त्रास सुरू होतात आणि रुग्ण ते औषधाच्याच माथी मारून उपचार सोडतो. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी जाणे आणि नसल्यास बाहेरची चिठ्ठी मागून घेणे, हा मार्ग आम्हाला तिथल्या परिचारिका ताईंनी सुचवला. तो उपयोगी आहे, पण रुग्णाने तो शोधून काढावा लागू नये.

दुसरा दोष बोलण्याच्या उपचारांचा. मॅडम एकट्या, समोर रांग, दार अर्धे उघडे. आईने त्या प्रश्नाला ‘वाटतं’ म्हटले तेव्हा दाराशी दोन अनोळखी माणसे उभी होती. मानसोपचाराच्या नियमित बैठका, मुलांसाठी वाचनाचे विशेष शिक्षण, मंत्रचळ म्हणजे ओसीडीसारख्या आजारात टप्प्याटप्प्याने करून घ्यायचे सराव, हे तिथे जवळजवळ होत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याची चिठ्ठी मिळते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. इतक्या वर्षांनी जिल्ह्याच्या ठिकाणी पुरेसे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असायला हवे होते. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले होते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण आमच्या विभागाबाहेरची रांग पाहता आपली स्थिती फार निराळी असेल असे मला वाटत नाही.

प्रतीक्षाकक्षातील फलकाविषयीही लिहिले पाहिजे. ‘मानसिक आजार बरे होतात’ असे त्यावर मोठ्या अक्षरांत आहे. त्याऐवजी पहाटे तीनला जाग येणे, छातीत धडधडून आता जीव जातो असे वाटणे, कोणी नसताना आवाज ऐकू येणे, दीड वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळून न पाहणे, अशी लक्षणे लिहिली असती तर रांगेतल्या कोणाला तरी आपल्या घरातले माणूस आठवले असते. त्या शेवटच्या लक्षणासाठी तर मोठ्यांच्या रांगेत थांबूही नये. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जो २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याअंतर्गत जिल्ह्यातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात थेट जावे. हाकेला न वळणे हे स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) लक्षण असू शकते आणि तिच्या बाबतीत लवकर सुरू केलेल्या प्रशिक्षणाचा उपयोग अधिक होतो.

ज्यांना रुग्णालयापर्यंत येणे अवघड आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो. समुपदेशक आधी बोलतात आणि गरज असल्यास पुढे तज्ज्ञांशी किंवा जवळच्या सरकारी सेवेशी जोडून देतात. तिला तपासणीचा पर्याय मानू नये, पण रात्री अकरा वाजता घरात कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल तेव्हा ओपीडीचे दार बंद असते आणि हा क्रमांक चालू असतो. प्रत्यक्ष धोका दिसत असेल तर त्या माणसाला एकटे न सोडता थेट अपघात विभागात न्यावे.

आई आता पाचला उठते. भाच्याच्या वह्या पूर्ण होऊ लागल्या आहेत, वाचन अजून अडते. जिल्ह्याच्या ठिकाणी नेमके निदान आणि सुरुवातीचा उपचार हवा असेल तर मी या विभागाची शिफारस निःशंकपणे करते. नियमित मानसोपचार हवा असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी पहिल्याच भेटीत मागून घ्यावी. जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात, आयुर्वेदिक आणि झोपेच्या गोळ्यांसह. मूल असेल तर शाळेची गेल्या वर्षीची वहीही न्यावी, कारण मॅडम ती खरोखर पानन्‌पान चाळतात.