साडेतीनशेचा फिल्टर की साडेतीन हजारांचा?

दुकानात कॅमेऱ्याच्या लेन्सवर लावायचे हे दोन्ही फिल्टर शेजारी ठेवा आणि वरची ट्यूबलाइट त्यांत बघा. स्वस्तातल्या काचेत ती लख्ख पांढरी दिसेल, मल्टिकोटेड (चकाकी कमी करणारे थर चढवलेल्या) काचेत मंद हिरवट किंवा जांभळट. निम्मा निकाल इथेच लागतो. बिनकोटिंगची काच एकेका बाजूने सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते, म्हणजे एका फिल्टरचे ८ टक्के. चांगल्या कोटिंगवर हे प्रमाण दर बाजूला अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं. या फरकाची किंमत मला विसर्जन मिरवणुकीत कळली. लेन्सवर ३५० रुपयांचा बिननावाचा यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) फिल्टर होता आणि प्रत्येक हॅलोजनचं उलटं भूत वरच्या काळ्या आभाळात तरंगत होतं. फिल्टर काढला, भुतं गेली.

तरीही महागडा यूव्ही मी घेणार नाही. डिजिटल सेन्सरपुढे अतिनील किरण अडवणारा थर आधीच असतो, त्यामुळे यूव्ही फिल्टर म्हणजे नुसतं झाकण. कोकणात वाळू आणि खारा वारा असेल तेव्हा मधल्या किमतीचा मल्टिकोटेड लावा. एरवी लेन्स हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी कड) पुरे.

पैसे घालायचे ते सीपीएलवर, म्हणजे चकाकी कापणाऱ्या, फिरवता येणाऱ्या पोलरायझर फिल्टरवर. पावसात भिजलेल्या कातळावरची, पानांवरची चकाकी नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढता येत नाही, कारण तिच्याखालचा रंग फोटोत आलेलाच नसतो. चांगला सीपीएल साधारण एक ते दीड स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). स्वस्तातला बऱ्याचदा त्याहून जास्त खातो आणि वर पिवळट झाक देतो. घेण्याआधी पांढऱ्या कागदावर धरून झाक बघा, मग लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर फिरवा: एका कोनात स्क्रीन जवळजवळ काळी व्हायला हवी. रिंग सैल असेल तर परत द्या. फार वाइड (खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सवर मात्र आभाळात गडद पट्टा येतो, तो कितीही पैसे मोजले तरी टळत नाही.

एनडीमध्ये, म्हणजे नुसता उजेड कमी करणाऱ्या काळपट फिल्टरमध्ये, मधला भाव चालतो. रंगाची झाक सगळीकडे सारखी असेल तर रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) निघते. ढगाळ हवेत शटरला १/३० सेकंद मिळत असेल, तर ६ स्टॉपच्या एनडी६४ ने २ सेकंद मिळतात. धबधब्याचं पाणी दुधासारखं व्हायला तेवढं पुरे. १० स्टॉपच्या मागे उगाच लागू नका. स्वस्त व्हेरिएबल (फिरवून गडदपणा कमीजास्त करता येणारा) एनडी शेवटपर्यंत फिरवला की फोटोत फुलीसारखी गडद सावली पडते. व्हिडिओ करत नसाल तर तो सोडा.

मापाचं म्हणाल तर प्रत्येक लेन्ससाठी वेगळा स्वस्त फिल्टर घेण्यापेक्षा ७७ एमएमचा एकच चांगला घ्या आणि ६७, ५८ साठी स्टेप-अप रिंगा (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या). हूड बसत नाही, तेवढी गैरसोय सोसायची. जमलं तर पितळी रिंगचा बघा, ॲल्युमिनियम आट्यांत लवकर अडकतं. माझा एक तसा जुन्या किट लेन्सवर कायमचा बसलाय. रबरबँड गुंडाळून पिळला, तरी हलत नाही.