क्योतोची उपनगरी रेल्वे: पर्यटकांनी निवडावी अशी सेवा

जपानमधील क्योतो शहरात येणारे अनेक पर्यटक शहर बसचाच आधार घेतात आणि त्यामुळे भाजी घेऊन घरी निघालेल्या आजींना स्वतःच्याच गावात उभ्याने जावे लागते. म्हणूनच जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नारा मार्गावरील लोकल मला मोलाची वाटते. क्योतोनंतरचे दुसरेच स्थानक इनारी, प्रवास जेमतेम पाच मिनिटांचा आणि बाहेर पडताच समोर फुशिमी इनारी देवस्थानाची भव्य तोरी कमान. मात्र जलद गाडी तेथे थांबत नाही, हे ध्यानात ठेवावे. जेआरच्याच सागानो मार्गाने अराशियामा हे पर्यटनस्थळही सुमारे पाव तासावर आहे. ज्या शहराने १८९५ मध्ये विजेवरची ट्राम सुरू केली आणि १९७८ मध्ये महापालिकेची ट्रामसेवा बंद केली, तेथे प्राचीन गल्ल्या रुंद न करता गर्दी वाहून नेण्याचे सामर्थ्य आज रुळांमध्येच आहे.