अकाई एमपीके मिनी एमके ३: रॅपरनं बीट करायला घेतल्यावर

हा कीबोर्ड घ्यायचा तो पॅडसाठी, म्हणजे बोटांनी ठोके वाजवायच्या चौकोनांसाठी. पट्ट्या सोबत येतात म्हणून वापरायच्या. रॅप सोडून किंवा रॅप सांभाळून संगीत निर्मितीकडे, म्हणजे गाण्यामागचा बीट करण्याकडे, वळणाऱ्याला दहा हजारांच्या आसपास यापेक्षा सोयीचं यंत्र मिळणं अवघड आहे, पण त्याच्याकडून काय मागायचं आणि काय नाही हे आधी कळलं पाहिजे. २५ छोट्या पट्ट्या, ८ पॅड (ए आणि बी असे दोन संच, म्हणजे बँका, धरून १६), ८ नॉब (फिरवायच्या खुंट्या), पिच वाकवायला एक बुटकी काठी आणि नखाएवढा स्क्रीन. वजन पाऊण किलो, वीज यूएसबीमधूनच. स्वतःचा आवाज मात्र शून्य. स्पीकर लावायला भोक शोधत बसू नका, ते नाहीच. आवाज लॅपटॉपमधूनच येणार.

रॅपरला पॅड का जमतात? सुरांचं ज्ञान नसलं तरी ताल त्याच्या जिभेवर असतो. शब्द ठोक्याच्या किंचित मागे कसा टाकायचा हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही, तेच बोटात उतरवायचं असतं. डेट्रॉइटच्या स्लम व्हिलेज या रॅप गटातला जे डिला रॅपही करायचा आणि बीटही. ठोके आपोआप सरळ रेषेत बसवणाऱ्या क्वांटाइझला बांधून न घेता त्यानं जे वाजवलं, त्यामुळे त्याचं एमपीसी ३००० हे पॅडचं यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्याकडे ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन शब्दांबरोबर संगीतही स्वतः करतो, हे पुण्यात कोणाला सांगायला नको.

आता आकड्यात बघा. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक सोळांश, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, १६७ मिलिसेकंदांचा. स्विंग (ठोका मागे सरकवायचं प्रमाण) ५८ टक्के ठेवला तर दर दुसरा सोळांश साधारण २७ मिलिसेकंद उशिरा पडतो. बीट ‘डुलतो’ तो एवढ्याशा फरकानं. आणि नवखे लोक नेमके इथेच मार खातात: लॅपटॉपमध्ये बफर (आवाज सोडण्याआधी साठवला जाणारा तुकडा) १०२४ सॅम्पलवर, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या बारीक नोंदींवर, असतो, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला आवाज २३ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मग बोट नकळत घाई करतं, आणि मुद्दाम मागे ठेवायचा ठोका सरळ होऊन बसतो. दोष पॅडवर जातो, गुन्हेगार असतो बफर. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) लावा, वाजवताना बफर २५६ किंवा १२८ वर आणा, मिक्स करताना परत वाढवा. २५६ ला हाच उशीर ६ मिलिसेकंदांच्या आत येतो.

पॅड रबरी आणि जरा कडक आहेत. हलका ठोका कधी कधी नोंदलाच जात नाही. ‘फुल लेव्हल’ बटण दाबलं की प्रत्येक ठोका १२७ वर, म्हणजे कमाल जोरावर, जातो. किकसाठी (ड्रमचा जाड ठोका) ठीक, पण स्नेअरचे (ड्रमचा कडक ठोका) दबके ठोके हरवतात. ते बटण चालू राहून गेलंय हे लक्षात न आल्यानं ‘पॅड बिघडले’ म्हणणारे कमी नाहीत.

ढोल-ताशा बसवायचा असेल तर, आणि पुण्यात तो मोह कोणाला होत नाही, ढोलाचा टिपरूचा (काठीचा) ठोका एका पॅडवर, दुसऱ्या बाजूची हाताची थाप शेजारच्या पॅडवर घ्या. ताशाला दोन पॅड द्या: उजव्या काडीचा एक सॅम्पल (रेकॉर्ड केलेला ठोका), डाव्या काडीचा दुसरा. दोन बोटांनी आलटून पालटून वाजवलं की तर्री, म्हणजे ताशाचा सलग कडकडाट, जिवंत वाटते. एकच सॅम्पल ‘नोट रिपीट’वर (पॅड दाबून ठेवलं की ठोका आपोआप परत परत वाजतो) १/३२ ला सोडला तर ९० बीपीएमला दर ८३ मिलिसेकंदांनी तोच ठोका त्याच जोरानं पडतो आणि ताशाऐवजी शिलाई मशीन ऐकू येतं. हाय-हॅटला (ड्रमची झांज) मात्र नोट रिपीट झकास. तिथं आणखी एक भानगड: रिपीट गाण्याच्या टेंपोपासून सरकत जातो. कारण कीबोर्ड स्वतःच्या घड्याळावर चालतो. त्याचं क्लॉक ‘एक्स्टर्नल’ करा, आणि एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी (कीबोर्ड आणि लॅपटॉपमधले संकेत) सेटिंगच्या आउटपुटमध्ये हे यंत्र निवडून ‘सेंड मास्टर सिंक’ चालू करा. दोन्हीपैकी एकच केलं तर रिपीट नीट चालणार नाही.

पट्ट्या अरुंद आहेत. पेटी शिकलेल्याचं बोट दोन पट्ट्यांवर पडतं. बेसलाइनला आणि चार सुरांच्या मेलडीला पुरतात, दोन हातांनी कॉर्ड वाजवायच्या असतील तर हा कीबोर्ड तुमचा नाही. ८०८ बेस (लांब घुमणारा तळाचा सूर) वाजवताना सॅम्पलवर एफएल स्टुडिओतलं ‘कट इटसेल्फ’ लावा, नाहीतर आधीच्या सुराची शेपटी पुढच्यावर चढते आणि तळाचा आवाज गढूळ होतो. त्यात ढोलही तळाशीच घुमतो, तेव्हा दोघांपैकी एकाची तळाची फ्रिक्वेन्सी इक्यूनं (उंच-खालचे आवाज कमीजास्त करणारं साधन) छाटावी लागते. ढोलाची छाटलेली बरी.

एमपीसी बीट्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला उत्तम. पण त्यात मिडी ट्रॅक ८ आणि ऑडिओ ट्रॅक २. मुख्य आवाज, डबल (तीच ओळ परत) आणि अॅडलिब (मधले उद्गार) म्हटलं की रॅपरचे तीन ट्रॅक इथंच झाले. त्यामुळे बीट त्यात करून बाहेर काढायचा आणि आवाज दुसरीकडे चढवायचा. एफएल स्टुडिओची ट्रायल वापरणाऱ्यांनो, त्यात प्रोजेक्ट सेव्ह होतो पण विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. उठण्याआधी वेव्ह फाइल काढून ठेवा.

माइक आणि ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं खोकं) आधी हवा की हे? आवाज स्टुडिओत तासावर रेकॉर्ड करता येत असेल तर आधी हे. गणपतीआधी नदीपात्रात पथकांचे सराव सुरू झाले की आसपासच्या घरांत माइक उघडायची सोय नसते; पॅडला बाहेरच्या आवाजाशी देणंघेणं नाही. शिवाय बीट स्वतःचा असला की तुम्ही गीतकारासोबत संगीतकारही ठरता, आणि २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला दोघांचाही वाटा कायद्यानं राखलेला आहे. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस संस्थेचं सदस्यत्व घेताना दोन्ही नात्यांनी नोंद करा. अनेक जण फक्त गीतकार लिहून मोकळे होतात.

खोक्यातली केबल यूएसबी-बीची आहे, प्रिंटरला असते तशी. नुसतं टाइप-सी असलेल्या लॅपटॉपला जोडणी लागेल, ती तपकीर गल्लीत मिळते. फक्त चार्जिंगची नको, डेटा जाणारी मागा. जुना घेत असाल तर लॅपटॉप सोबत न्या. सगळ्या पट्ट्या, दोन्ही बँकांतले सगळे पॅड, आठही नॉब स्क्रीनवर आकडे बघत तपासा. काठी सोडल्यावर पिच शून्यावर परत येतो का बघा. नाही आला तर सगळं गाणं बेसूर वाजतं. सोबतची सॉफ्टवेअर आधीच्या मालकाच्या नावावर नोंदलेली असू शकतात. त्याचे वेगळे पैसे देऊ नका.