लहान चणीच्या घोडीला गाभण करावे का? टेक्सासमधील एका अश्वप्रजनन चिकित्सालयाचा अनुभव

आमच्या मुलीची घोडी चौदा वर्षांची, नोंदणीकृत क्वार्टर हॉर्स जातीची आणि चणीने फारच लहान आहे. घोड्याची उंची इथे चार-चार इंचांच्या 'हँड' या मापात सांगतात. त्या हिशेबाने ती तेरा हँड आणि वर तीन इंच, म्हणजे खांद्यापाशी जेमतेम ५५ इंच भरते. १४.२ हँडपर्यंतच्या घोड्याला सर्वसाधारणपणे पोनी म्हणतात, त्यामुळे बॅरल रेसिंगच्या मैदानावर ती उतरली की कुंपणापाशी उभे असलेले लोक प्रथम हसतात. तीन पिंपांभोवतीची तिची फेरी संपल्यावर मात्र हसू ओसरते, कारण स्थानिक शर्यतींत ती बहुतेक वेळा दुसऱ्या विभागात, म्हणजे सर्वांत जलद वेळेच्या अर्ध्या सेकंदानंतर सुरू होणाऱ्या गटात, बक्षीस घेऊन येते. तिचे एक शिंगरू असावे, असा हट्ट मुलीने धरल्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये आम्ही वेदरफर्डच्या परिसरातील एका अश्वप्रजनन चिकित्सालयात घोडीची प्रजननपूर्व तपासणी करून घेतली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे.

आधी प्रतीक्षेविषयी लिहितो, कारण नाराजीचा भाग तोच आहे. आम्हाला सकाळी दहाची वेळ दिली होती आणि घोडी तपासणीच्या खोड्यात उभी राहिली तेव्हा सव्वाबारा झाले होते. मधल्या काळात अडलेली एक घोडी आणली गेली, तिच्याकडे सगळे धावले, आणि ते योग्यच होते. परंतु ही गोष्ट आम्हाला कोणी येऊन सांगितली नाही, आणि ट्रेलर उभा करण्याच्या जागेत सावलीचा एक पत्राही नव्हता.

तपासणी मात्र मी आजवर पाहिलेल्या जनावरांच्या कोणत्याही तपासणीपेक्षा नीटस होती. घोडीला आधी वजनकाट्यावर चालवले. आकडा ८२० पौंड आला. मग तिला लोखंडी पाइपांच्या खोड्यात घेऊन शेपटीला पट्टी गुंडाळली, शेपूट दोरीने एका बाजूला बांधली, आणि मोहरकी मुलीच्याच हातात ठेवली, कारण परक्या माणसापेक्षा तिच्या हाती घोडी शांत राहते हे डॉक्टरांनी पहिल्या मिनिटातच ओळखले होते. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवून त्यांनी गुदमार्गातून सोनोग्राफी केली आणि पडदा आमच्याकडे वळवून एकेक गोष्ट दाखवली: डाव्या बीजांडावरचे ३१ मिलिमीटरचे बीजपुटक, माजावर असल्याची खूण असलेली गर्भाशयाची चक्राकार सूज आणि तळाशी साचलेल्या द्रवाची एक काळी चकती. पुटक ३५ मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर इंजेक्शन देऊन साधारण दीड-दोन दिवसांत बीज सुटवता येते, थंड करून पाठवलेले वीर्य त्या बेताने मागवता येते, आणि गोठवलेले वीर्य वापरायचे असेल तर बीज सुटण्याच्या आगेमागे काही तासांतच रेतन साधावे लागते, हे सर्व त्यांनी घाई न करता समजावले.

ती काळी चकतीच पुढच्या बोलण्याचा गाभा ठरली. आमची सारी काळजी घोडीच्या उंचीची होती: एवढीशी घोडी, त्यात नर पंधरा हँडचा, मग शिंगरू अडणार तर नाही? डॉक्टरांनी ती काळजी फार थोडक्यात निकालात काढली. केंब्रिजमध्ये शायर या अवाढव्य आणि शेटलंड या ठेंगण्या जातींचा दोन्ही बाजूंनी संकर करून पाहिला गेला होता व त्याचे निष्कर्ष १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. नर शायर असला, तरी शेटलंड घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू तिला पेलेल एवढ्याच आकाराचे होते, कारण जन्मावेळचा आकार प्रामुख्याने आईचे गर्भाशय आणि वार ठरवते. याचा अर्थ अडचण कधीच येत नाही असा नव्हे. पण उंचीपेक्षा त्यांना चिंता वाटत होती ती चौदाव्या वर्षी पहिलटकरीण होऊ पाहणाऱ्या घोडीची. अशा घोडीचे गर्भाशयमुख माजातही पुरेसे सैल होत नाही, द्रव आत साचून राहतो, आणि रेतनानंतर गर्भाशय वेळेत स्वच्छ झाले नाही तर गर्भ टिकत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, म्हणजे बायॉप्सीचा, अहवाल आठवड्याने आला तेव्हा प्रत '२अ' निघाली. चार पायऱ्यांच्या त्या प्रतवारीत याचा अर्थ असा, की नीट देखभाल केल्यास शिंगरू पदरात पडण्याची शक्यता ५० ते ८० टक्के असते.

'गाभण राहील का' या प्रश्नाचे उत्तर तेवढ्यावर मिळाले होते, आणि पुष्कळ चिकित्सालये तिथेच थांबून नराच्या मालकाचा दूरध्वनी क्रमांक मागतील. इथे डॉक्टरांनी घोडीला खोड्यातून बाहेर काढून सिमेंटच्या पट्टीवर सरळ चालवायला लावले, समोर उकिडवे बसून पुढच्या पायांकडे पाहिले, आणि विचारले की हीच घोडी पंधरा हँडची असती आणि शर्यतीतली तिची वेळ हीच असती, तर तुम्ही तिचे शिंगरू घेतले असते का? मुलगी गप्प राहिली. मग त्यांनी दाखवले, की डाव्या गुडघ्याखालचे हाड मध्यरेषेपासून बाहेर सरकलेले आहे. गेली दोन वर्षे त्याच पायाला वरचेवर सूज का येते, याचे उत्तर आम्हाला तिथे मिळाले. उंची कमी असण्याने पिंपाभोवती वळताना फायदाही होतो; बॅरल रेसिंगपटू शेरी सर्वी यांची स्टिंगरे ही छोट्या चणीची घोडी त्यांच्या २०१० आणि २०१३ च्या जगज्जेतेपदांत त्यांच्या खोगिराखाली होती. गुडघ्याचा हा दोष मात्र शिंगरात उतरू शकतो आणि प्रत्येक वळणावर त्याची किंमत मोजावी लागते.

जिची कमाई रेतनावर चालते त्या संस्थेने रेतनाविरुद्ध बोलावे, याचे मला खरेच कौतुक वाटले. (मैदान गाजवणे आणि वंश चालवणे या दोन गोष्टी इथे किती वेगळ्या मानतात पाहा: बॅरल रेसिंगपटू शार्मेन जेम्स यांना १९८४ ते १९९३ सलग दहा जगज्जेतेपदे मिळवून देणारा स्कॅम्पर हा घोडा खच्ची केलेला होता, म्हणून २००६ मध्ये त्याची जनुकीय प्रतिकृती (क्लोन) जन्माला घालून ती वळू म्हणून राखावी लागली.)

हिशेबही त्यांनीच मांडला. नराचे शुल्क दोन-तीन हजार डॉलरच्या घरात, वीर्य गोळा करून पाठवण्याचा आकार वेगळा, गर्भारपण सुमारे ३४० दिवसांचे आणि घोडी तेवढा काळ शर्यतीपासून जवळजवळ दूर. शिंगरू चौथ्या-पाचव्या वर्षी पहिल्या मोठ्या शर्यतीत उतरेल तेव्हा आज सोळा वर्षांची असलेली मुलगी महाविद्यालयातून बाहेर पडत असेल. गर्भ सात-आठ दिवसांचा असताना काढून दुसऱ्या घोडीत ठेवण्याचा पर्यायही त्यांनी सांगितला; त्यात आमची घोडी पळत राहिली असती, पण खर्च दुपटीहून अधिक झाला असता आणि गुडघा तोच राहिला असता.

बिलाबाबत माझी तक्रार आहे. दूरध्वनीवर ३५० डॉलरचा अंदाज दिला गेला. हातात ५८५ चे बिल आले, कारण स्रावाची आणि बायॉप्सीची प्रयोगशाळेतील तपासणी त्या अंदाजात धरलेलीच नव्हती. विचारल्यावर उत्तर सभ्यपणे मिळाले, परंतु विचारावे लागले.

आयाळीचे मुळांसकट उपटलेले केस आम्ही जनुकीय तपासणीसाठी पाठवले होते, त्याचा निकाल पंधरा दिवसांनी आला. हेर्डा या त्वचाविकाराचे एक जनुक तिच्यात आहे. तिला स्वतःला त्याचा काही त्रास नाही, पण नरही वाहक असेल तर चारात एक शिंगरू असे जन्मते की खोगिराखालची कातडी सोलून निघते. ही तपासणी घरबसल्या, थोड्या खर्चात होते, म्हणून माझे सांगणे असे की खोड्याची वेळ घेण्याआधीच ती करून घ्यावी, आणि अंदाज लेखी मागून त्यात प्रयोगशाळेचा आकार धरला आहे का हे विचारावे.

आम्ही घोडीला गाभण केले नाही. पाच तारकांपैकी चार देतो. उरलेली एक त्या सव्वादोन तासांच्या उन्हाची आणि २३५ डॉलरची आहे. गुडघ्याच्या क्ष-किरण तपासणीसाठी पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच जाणार आहोत, आणि या खेपेस सकाळी आठची, पहिलीच वेळ मागून घेतली आहे.