टोयोटा हायलक्स: गिअरबॉक्सपुरतं परीक्षण

या पिकअपला 2.8 लिटर डिझेल इंजिन आणि दोन पर्याय: 6 गिअरचा मॅन्युअल किंवा 6 गिअरचा ऑटोमॅटिक. टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) मॅन्युअलमध्ये 420 न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकमध्ये 500. माल भरून घाट चढणाऱ्यांनी ऑटोमॅटिकच घ्यावा. चढावर अर्धा क्लच धरून क्लच प्लेट जाळण्याचा प्रश्नच उरत नाही.

उतारावर मात्र ऑटोमॅटिकच्या नुसत्या डीवर (ड्राइव्ह, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी जागा) विसंबू नका. लिव्हर एसमध्ये (गिअर हाताने निवडायची जागा) घ्या, वजा चिन्हाकडे ओढून तिसरा गिअर धरा, इंजिनच गाडी रोखतं. सतत ब्रेक दाबला तर तो तापून सैल पडतो. न्यूट्रलमध्ये उतरणं तर जिवावर बेतू शकतं.

उतारावर गाडी लावताना क्रम पाळा: पायाचा ब्रेक, मग न्यूट्रल, हँडब्रेक घट्ट, पायाचा ब्रेक हळूच सोडून भार हँडब्रेकवर येऊ द्या, पुन्हा ब्रेक दाबून पी (पार्किंग). उलट केलंत तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या छोट्याशा खिट्टीवर येतं आणि पीमधून लिव्हर निघताना खाडकन आवाज होतो. डीवरून आर (रिव्हर्स) टाकताना गाडी पूर्ण थांबलेली हवी.

फोर-व्हीलची कळ छान हाताशी आहे. एल4 (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त) साठी गाडी थांबवून न्यूट्रल करावंच लागतं. कोरड्या डांबरावर एच4 (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) नको: पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसल्याने वळताना टायर घासतात, शाफ्ट ताणले जातात.

मॅन्युअलवाल्यांनी क्लचवर पाय टेकवून चालवू नये, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग लवकर जातं.