जुन्या स्की-बोटीचं जड स्टीअरिंग: केबल बदलून एक सीझन चालवल्यावर

बोट नव्वदच्या दशकातली, वॉटर-स्कीअरला ओढणारी, डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे इंजिनापासून प्रोपेलरपर्यंत सरळ शाफ्ट. इंजिन मधोमध, मागे एकच रडर (सुकाणूचं पातं). मास्टरक्राफ्ट प्रोस्टार घ्या, स्की नॉटीक घ्या किंवा मालिबू, त्या काळातली मांडणी साधारण एकच: चाकामागे हेल्म (चाकाचं फिरणं केबलच्या ढकल-ओढीत बदलणारी यंत्रणा), तिथून आतल्या कडेने किंवा फ्लोअरखालून मागे गेलेली पुश-पुल केबल आणि शेवटी रडर फिरवणारा दांडा, म्हणजे टिलर आर्म. तक्रारही ठरलेली. चाक जड, त्यातही एका बाजूला जास्तच. नवी केबल आणि नवा रोटरी (गोल गिअरने केबल ढकलणारा) हेल्म टाकून मे ते सप्टेंबर बोट चालवल्यावरचं मत आधीच सांगतो: केबलचे पैसे वसूल. हेल्म जुना ठेवला असता तरी चाललं असतं.

ऑर्डर देण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते बघा. बोट ट्रेलरवर असताना मागचं झाकण उघडून केबलचा बॉल जॉइंट टिलर आर्मपासून सोडवा आणि आर्म हाताने फिरवा. एका हाताने, सारख्या जोराने, दोन्ही टोकांपर्यंत गेला तर रडर निर्दोष. आता चाक फिरवा; अजून जड असेल तर केबल हेल्मपासूनही काढा. हेल्म एकटा मोकळा फिरला की गुन्हेगार केबलच, आणि बहुतेक वेळा तीच निघते. रडरच्या टोकाला केबलची सळई आत-बाहेर होते, तिथलं सील झिजतं, पाणी आत जातं आणि आतली तार गंजते. जॅकेट (केबलचं बाहेरचं आवरण) एखाद्या जागी फुगलेलं किंवा तडकलेलं दिसलं तर पुढे तपासायलाच नको. केबलमध्ये ग्रीस किंवा तेल भरायचा सल्ला बरेच जण देतात, पण ते आतपर्यंत पोचत नाही. दोन दिवस हलकं वाटतं, मग पुन्हा तेच.

उलट आर्मच घट्ट असेल तर केबलला हात लावू नका. रडर पोर्टवर (रडरचा शाफ्ट तळातून जातो त्या जागी) ग्रीसचं निपल असतं. मरीन ग्रीसचे दोन-तीन पंप मारून आर्म सावकाश हलवत राहा. शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या पॅकिंगचा नट कुणीतरी गळती थांबवायला करकचून आवळलेला असतो. तो पाव फेरा सैल करा आणि बोट पाण्यात उतरवल्यावर गळतंय का ते पाहा. तरीही सुटलं नाही तर रडर उतरवावं लागतं. ते खाली सरकतं, त्यामुळे ट्रेलर उंच उचलल्याशिवाय निघत नाही. हे काम दुपारचं नाही, दिवसभराचं.

नवी केबल जुन्यावरूनच मागवा. पार्ट नंबर जॅकेटवर हेल्मच्या बाजूला छापलेला असतो आणि टेलीफ्लेक्सच्या केबलींवर त्यातले शेवटचे दोन आकडे लांबी फुटांत सांगतात. रॅक (सरळ दातेरी पट्टीच्या) हेल्मची केबल रोटरीला बसत नाही. हेल्मचा प्रकार बदलायचा तर दोन्ही बदलावं लागतं. जुनी ओढून काढताना तिच्या टोकाला मजबूत दोरी बांधा, नवी त्याच वाटेने येते. वळण ८ इंच त्रिज्येपेक्षा घट्ट नको आणि एक्झॉस्टला टेकू देऊ नका. जोडताना चाक एकूण फेऱ्यांच्या बरोबर मध्यावर, रडर सरळ, मग बॉल जॉइंट आट्यांवर फिरवून जुळवा. लॉकनट नवेच.

चाक काढणं हा वेगळाच त्रास. शाफ्ट पाऊण इंची, निमुळता, चावी (चाक शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेला धातूचा तुकडा) असलेला. वर्षानुवर्षांत चाक चिकटून बसतं. नट पूर्ण काढू नका, चार आटे राहू द्या, पुलर लावा. नुसतं ओढून चाक सुटलं तर थेट हनुवटीवर येतं.

सीझनभरात लक्षात आलं ते असं. जडपणा पूर्ण गेला आणि परत आला नाही. चाकातला सैलपणा मात्र नव्या हेल्मनेही थोडा उरला, कारण तो टिलरकडच्या झिजलेल्या बॉल जॉइंटमध्ये आणि केबलच्या क्लॅम्पमध्ये होता. एकाने चाक दोन-दोन इंच इकडेतिकडे हलवावं, दुसऱ्याने मागे एकेका जोडावर हाताचं बोट ठेवावं. हालचाल कुठे हरवते ते लगेच कळतं. हे आधी केलं तर हेल्मचा खर्च वाचतो. स्लॅलम कोर्समध्ये (बोयांमधून नागमोडी स्कीइंगची आखीव वाट) बोटीला वाट जेमतेम २.३ मीटर रुंद असते. तिथे ताशी ५५-५८ किमी वेगाने जाताना एवढासा ढिलेपणाही हाताला जाणवतो.

नो-फीडबॅक हेल्म घ्यावा का? वेकबोर्डिंगला (बोटीमागे रुंद फळीवर उभं राहून जाण्याला) चालेल, रडरचा ताण चाकावर येत नाही, हात सुटला तरी चाक जागेवर राहतं. पण ४.२ प्रकारात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नावाप्रमाणे ४.२ फेरे लागतात, आणि स्लॅलमला लागणाऱ्या बारीक दुरुस्त्या त्यावर मंदावतात. आमचा कौल साध्या रोटरीला. थ्रॉटल दिल्यावर बोट एका बाजूला ओढते ती प्रोपेलरमुळे. केबल बदलून ते जात नाही, हे विकणारा सांगत नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन, मिनेसोटासारख्या थंड ठिकाणी केबल खरी मरते हिवाळ्यात. जॅकेटमधलं पाणी गोठतं, आतलं अस्तर फाटतं. बोट बंद करताना सळई पूर्ण आत ओढली जाईल अशा बाजूला चाक फिरवून ठेवा, उरलेल्या उघड्या भागावर ग्रीसचा पातळ हात फिरवा. वसंतात बोट उतरवण्याआधी चाक दोन्ही बाजूंना फिरवून बघा. अडकलं तर जोर लावू नका, नाहीतर हेल्मचे दात जातील.