सांध्यांचा पैलवान की स्प्रिंगचा?

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका पोराने विचारलं, "दादा, डब्ल्यूडब्ल्यूईच्या पैलवानांच्या फिगर्स, म्हणजे खेळण्यातले पुतळे, जमवायच्या म्हणतोय. नव्या घेऊ की हॅस्ब्रो कंपनीच्या जुन्या शोधू?" दोन कटिंग संपले तरी माझं उत्तर काही संपेना. शेवटी त्याने घड्याळाकडे बघितलं. जे सांगायचं राहिलं ते आता लिहून काढतोय.

माझ्यापुरती विभागणी सोपी आहे. एकीकडे 1990 ते 1994 या काळातले हॅस्ब्रोचे पैलवान: साधारण साडेचार इंच उंची, कडक प्लास्टिक, पोटात नाहीतर पायात एखादी स्प्रिंग आणि त्या स्प्रिंगचा एकच ठरलेला डाव. दुसरीकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या सहा-सात इंची फिगर्स, ज्यांची मान, खांदे, कोपर, मनगट, कंबर, गुडघे, घोटे असं सगळंच वळतं. अधला-मधला काळ मुद्दाम सोडतोय. एलजेएन कंपनीचे रबरी पैलवान (1984 ते 1989) दिसायला झकास होते, पण त्यांचे हातपाय हलत नाहीत, आणि वजन असं की धाकट्या भावाला फेकून मारला तर टेंगूळ ठरलेलं. जॅक्स कंपनीच्या, सांधे वाकवले की हाडं कडकडल्यासारखा आवाज करणाऱ्या फिगर्सबद्दल पुन्हा कधीतरी.

आधी नव्यांचं कौतुक, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. चेहऱ्यांची डिजिटल छपाई आल्यापासून माणूस ओळखू येतो. दाढीचे खुंट दिसतात, कपाळावरची आठी दिसते. हॅस्ब्रोच्या पैलवानांचं तसं नाही. त्यातल्या निम्म्यांनी दातओठ असे आवळलेत की सगळ्यांना एकदमच मिरचीचा ठसका लागलाय असं वाटतं. कुणी कुठला हे चेहऱ्यापेक्षा चड्डीच्या रंगावरून पटकन कळतं.

फोटो काढायचे असतील तर नव्यांना तोड नाही. आमच्या ओळखीतला एकजण गच्चीवर रिंग मांडून, टॉर्चच्या उजेडात असे फोटो काढतो की क्षणभर खरी मॅच वाटावी. हवेतली लाथ, दोरीवरून झेप, गुडघ्यावर कोसळलेला पैलवान, हे स्प्रिंगवाल्याकडून होणं नाही.

आणि तिसरं म्हणजे आपले लोक. ग्रेट खली हवा असेल तर हॅस्ब्रोचा प्रश्नच येत नाही. तो डब्ल्यूडब्ल्यूईत आला 2006 साली, तोवर ती मालिका बंद पडून बारा वर्षं झाली होती. 2017 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा विजेता झालेला, भारतीय वंशाचा जिंदर महालही अर्थात नव्यांतच मिळणार. तुमचे आवडते पैलवान 1994 नंतरचे असतील, तर खरं म्हणजे पुढचं वाचायची गरज नाही. नवे घ्या आणि सुखात राहा.

आता माझी अडचण. ती कुणा एका कंपनीची नाही, घोट्याच्या सांध्याची आहे.

आमच्या हॉलमध्ये काचेच्या दाराचं लोखंडी कपाट आहे. त्यात वरच्या दोन खणांत माझे पैलवान. पहिली तीन-चार वर्षं मी नव्याच फिगर्स घेत होतो, वेगवेगळ्या मालिकांतल्या. एका एप्रिलमध्ये रात्री दीडच्या सुमाराला कपाटातून आवाज आला, खट्. थोड्या वेळाने पुन्हा खट्, आणि मग खट् खट् खट्. सकाळी बघितलं तर पहिल्या रांगेतला एक तोंडावर पडलेला, आणि जाताना त्याने शेजारच्या चौघांना सोबत नेलेलं. मी सगळे उभे केले. दोन दिवसांनी परत तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा आई म्हणाली, "उंदीर शिरलाय रे कपाटात," आणि तिने खालच्या खणासमोर पोळीचा तुकडा लावून पिंजरा ठेवला. पाहुणे आले की आधी पिंजरा बघायचे, मग माझा संग्रह.

कारण समजायला वेळ लागला. या फिगर्सचा सगळा भार वर असतो: रुंद छाती, जाड दंड. पाऊल त्या मानाने चिमुकलं. मध्ये घोटा, गुडघा आणि मांडी असे तीन सांधे, आणि त्यातला एक जरी किंचित सैलावला की पैलवान हळूहळू पुढे झुकतो. तुम्ही रात्री ताठ उभा करून झोपता, सकाळी तो नमस्कार घालत असतो. उन्हाळ्यात हे जास्त होतं असा माझा अनुभव आहे. मोजमाप काही केलेलं नाही, पण मार्च ते जून आणि बाकीचे महिने यांतला फरक मला कपाटाच्या आवाजावरूनच सांगता यायचा. त्यात वरचा पंखा, आणि खालच्या खणातल्या चादरी काढताना धाडकन लागणारं दार.

उपाय सगळे करून झाले. सैल सांध्याच्या गोळीवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्यायचा, वाळू द्यायचं आणि मग परत बसवायचं. चालतं, एखादा मोसम. वाकडा झालेला पाय गरम पाण्यात बुडवून सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात धरायचा. तेही चालतं. तळव्याखाली चिकट गोळी लावली तर शेल्फचा रंग निघतो. पाठीमागे प्लास्टिकचा स्टँड लावता येतो, पण पैलवानाला उभं राहायला टेकू लागायला लागला की त्यातला पैलवान निघून जातो, असं आपलं मला वाटतं. तुम्हाला कदाचित नाही वाटणार.

त्याच दिवाळीत बहिणीचा मुलगा राहायला आला. सहा वर्षांचा. त्याने काच उघडून एक नवा बाहेर काढला, जमिनीवर उभा करायचा प्रयत्न केला, तो पडला, परत केला, परत पडला. "मामा, याला ताप आलाय का?" मग त्याच्या हाती लागला तेव्हा माझ्याकडे असलेला एकुलता एक हॅस्ब्रो, हल्क होगन. पाय फाकलेले, पावलं रुंद, गुडघे मुळातच किंचित वाकलेले. उशीवर ठेवला तरी उभा, गादीवरही उभा. पोराने हात ओढले, सोडले, ते झपकन मिटले आणि समोरचा रबरी डायनोसॉर मिठीत. चार दिवस तो होगन पोराच्या हातून भिंतीवर आपटला, मोरीत गेला, दिवाणाखाली गेला, आणि पाचव्या दिवशी परत कपाटात येऊन तसाच उभा राहिला.

माझं मत तेव्हा फिरलं. हॅस्ब्रोचे पैलवान सरळसरळ लहान मुलांसाठी बनवलेले होते. पोराने कुठेही ठेवला तरी उभा राहायला हवा, फेकला तर तुटायला नको, आणि डाव एका झटक्यात व्हायला हवा. एवढ्याच अटी. नव्यांतल्या महागड्या मालिकांचा डोळा मोठ्यांवर असतो, त्यांच्या शेल्फवर आणि कॅमेऱ्यावर. आणि त्याच शेल्फवर त्यांना उभं राहता येत नाही. संग्राहकांत हॅस्ब्रोची चेष्टा करणारे बरेच आहेत. "एकच डाव येतो" असं म्हणतात. होगनला मिठी मारता येते आणि बस्स, हे खरंच आहे. पण ती मिठी तीस वर्षं सलग मारतोय तो.

जुन्यांच्या अडचणीही सांगायला हव्यात, नाहीतर एकतर्फी होईल. पहिली, ते दुकानात मिळत नाहीत. अमेरिकेहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून आणवावे लागतात, नाहीतर संग्राहकांकडून घ्यावे लागतात. (नव्यांनाही आपल्याकडे स्वस्ताई नाही म्हणा. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर.) दुसरी, रंग. नाकाचा शेंडा, भुवया, बुटांची टोकं, मुठी, इथला रंग आधी जातो. तिसरी, स्प्रिंग. इतक्या वर्षांनी काही थकलेल्या असतात. मला एकदा एका विक्रेत्याने "एकदम नव्यासारखा" म्हणून पाठवलेल्या पैलवानाची कंबर गोंदाने चिकटवलेली निघाली. तेव्हापासून फोटो नाही, डाव करतानाचा व्हिडिओ मागतो. नकलीही फिरतात, म्हणून अंगावरचा ठसा बघा. त्यावर टायटन स्पोर्ट्स हे नाव हवं, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या, मूळ कंपनीचं तेव्हाचं नाव ते.

किमतीचं म्हणाल तर लूज, म्हणजे मूळ पुठ्ठ्याच्या कार्डावरच्या पॅकिंगमधून बाहेर काढलेले, साधे पैलवान परवडतात. होगन, अल्टिमेट वॉरियर यांच्या एकाहून जास्त आवृत्त्या निघाल्या, त्यामुळे ते सापडतात. डस्टी रोड्सच्या आणि पहिल्या मालिकेतल्या आंद्रे द जायंटच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. 1994 ची शेवटची हिरव्या कार्डावरची मालिका तर लांबूनच बघावी, त्यातही कार्ड न फोडलेली असेल तर हात जोडून मोकळं व्हावं. मी तेच केलं.

मधला एक रस्ता आहे. 2017 मध्ये मॅटेलने, म्हणजे हल्लीच्या फिगर्स काढणाऱ्या कंपनीने, हॅस्ब्रोच्या घाटाची रेट्रो मालिका काढली. तोच आकार, तशीच स्प्रिंग, पण पैलवान नवे, रोमन रेन्स, केविन ओवेन्स वगैरे. नव्या पिढीचे लोक जुन्या अंगात हवे असतील त्यांनी हे शोधावेत. माझ्याकडे दोन आहेत. उभे राहतात. धडं मात्र तीच तीच वापरलेली दिसतात, म्हणजे डोकं बदललं की माणूस बदलला. हॅस्ब्रोनेही हेच केलं होतं, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही.

माझ्या कपाटात आता वरच्या खणात हॅस्ब्रो आणि रेट्रो आहेत. नव्यांतला एकच ठेवलाय, खली, आणि तोही बसवून ठेवलाय, काडेपेट्यांच्या खुर्चीवर. बाकीचे गच्चीवर फोटो काढणाऱ्याला दिले. त्याला ते आडवे असले तरी चालतात.

ऑफिसातल्या पोराने माझं सगळं ऐकून परवा नवाच घेतला, बहुसांध्यांचा. छान आहे, चेहरा तर अगदी हुबेहूब. टेबलावर मॉनिटरला टेकवून ठेवलाय त्याने. आज जेवताना हळूच विचारत होता, "दादा, ते नेलपॉलिश साधं चालतं का हो, की चांगल्यातलं लागतं?"